सिकाड्यांसकट

शनिवार, १९ एप्रिल २०२५
कॅरी, नॉर्थ कॅरोलिना

कालपासून चौथ्यांदा ऐकतेय. रिआनन गिडन्स आणि जस्टिन रॉबिन्सन यांचा नवा अल्बम काल, गुड फ्रायडेला आला. नाव ‘व्हॉट डिड द ब्लॅकबर्ड से टू द क्रो’. काळ्या पाखरानं कावळ्याला काय सांगितलं? अठरा चाली, सगळ्या याच राज्यात वाजत आलेल्या. जस्टिनचं फिडल (व्हायोलिनच ते, पण या संगीतात त्याला कोणी व्हायोलिन म्हणत नाही), रिआननचा बँजो, मधूनमधून गळा. मागे दुसरी कसलीही भर नाही.

पहिल्यांदा लावला तेव्हा भांडी घासत होते. वाटलं, इयरफोन बिघडले. सुरांच्या मागे सारखी किर्रर्र चालू. नळ बंद करून नीट ऐकलं तेव्हा कळलं की हे सिकाडे आहेत, झाडांवर बसून किर्रर्र करणारे किडे. स्टुडिओत गेलीच नाहीत ही माणसं. अंगणात बसून वाजवलं आणि झाडांवरचा आवाज जसा आला तसा राहू दिला.

गेल्या वर्षीचा वसंत आठवला. २०२४ मध्ये तेरा वर्षांनी जमिनीतून वर येणाऱ्या सिकाड्यांची एक पिढी आणि सतरा वर्षांनी येणाऱ्यांची एक, अशा दोन पिढ्या अमेरिकेत एकाच वेळी निघाल्या. या दोघींची गाठ त्याआधी पडली होती १८०३ साली. आमच्या भागात आल्या त्या तेरा वर्षांवाल्या. पिट्सबरोच्या बाजूला गाडी थांबवून काच खाली केली की रान उकळतंय असं वाटायचं. झाडांच्या बुंध्यांवर कातींचे खच पडलेले, तपकिरी, पाठीवर उभी चीर गेलेली. लेकीनं एक कात उचलून काड्यापेटीत ठेवली होती. तोच आवाज आता माझ्या स्वयंपाकघरात, बँजोच्या मागे. पुढच्या वेळी हे किडे वर येतील तेव्हा लेक कॉलेजात असेल.

रेकॉर्डिंगच्या जागाही त्यांनी विचार करून निवडल्यात. पहिली या दोघांचे गुरू जो थॉम्पसन यांचं घर, दुसरी एटा बेकर यांचं, आणि तिसरी मिल प्राँग हाउस, जिथे एकेकाळी गुलामांच्या श्रमावर शेती चालायची. ज्या सुरांना त्या शेतांवरच्या लोकांनी जगवलं, ते तिथेच जाऊन वाजवायचे. एटा बेकर यांच्याबद्दल मला एवढंच ठाऊक होतं की मॉर्गनटनच्या या बाईंनी वर्षानुवर्षं कापडगिरणीत काम केलं आणि गिटार अशी वाजवली की ऐकणाऱ्याला वाटावं, दोन जण बसलेत. आता त्यांचं सगळं शोधून ऐकायचं आहे.

जो थॉम्पसन मात्र माझ्या मनातून जात नाहीत. १९१८ चा जन्म, मेबनजवळचे. घरात वडील फिडल वाजवायचे, पुढे चुलतभाऊ ओडेल बँजोवर साथीला. मक्याची कणसं सोलायला शेजारपाजार जमला की काम उरकल्यावर नाच, आणि नाचाला हे दोघे. पोटासाठी फर्निचरच्या कारखान्यात नोकरी. २००५ मध्ये बून गावी कृष्णवर्णीय बँजोवादकांचा मेळावा भरला, तिथे रिआनन, जस्टिन आणि डॉम फ्लेमन्स ही तरुण मंडळी भेटली. त्यानंतर दर गुरुवारी संध्याकाळी ती मेबनला थॉम्पसन यांच्या घरी जाऊन बसू लागली. नोटेशन नाही, वर्ग नाही. ते वाजवणार, हे मागून वाजवणार. त्या बैठकींतून या तिघांचा कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स हा बँड उभा राहिला आणि २०११ मध्ये त्यांना ग्रॅमी मिळालं.

थॉम्पसन २०१२ च्या फेब्रुवारीत गेले, त्र्याण्णव वर्षांचे होऊन. मी या गावात राहायला आले २०१३ मध्ये. मेबन माझ्या घरापासून पाऊण तासावर आहे. दोन वर्षं आधी आले असते तरी काय केलं असतं, मला तेव्हा बँजो म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. तरी रुखरुख लागून राहिलीय.

बँजोचं सांगायला हवं, कारण घरी फोनवर “बँजो शिकतेय” म्हटलं तेव्हा चुलतभावाला वाटलं की मी गणपतीत वाजणाऱ्या बेंजो पार्टीत शिरले. तो आपला मुंबईचा बेंजो, टाईपरायटरसारख्या बटणांचा. त्याचा पूर्वज जपानी ताइशोगोतो, १९१२ च्या सुमारास नागोयात निघालेला. नाव तेवढं एक. इथला बँजो आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांचा. हान्स स्लोन नावाचा डॉक्टर १६८७ मध्ये जमैकाला गेला होता. भोपळ्यावर कातडं ताणून केलेली तिथली वाद्यं त्यानं पाहिली आणि पुढे पुस्तकात त्यांचं चित्र छापलं. आज दुकानात मिळतो तो लाकडी कड्याचा, पण पोटात तेच, ताणलेलं पान आणि त्यावर टेकलेली घोडी.

मी शिकतेय ती क्लॉहॅमर पद्धत. हात अर्धवट मिटलेला, पंजासारखा. तर्जनीचं नख वरून खाली तारेवर टाकायचं, खेचायचं नाही. त्याच झोक्यात अंगठा पाचव्या तारेवर टेकतो आणि हात उचलताना ती छेडून निघतो. ही पाचवी तार आखूड, तिची खुंटी दांडीवर मधेच. तिच्यावर बोट ठेवायचं नसतं. ती एकाच सुरात टणत्कार करत राहते, पोवाड्यामागच्या तुणतुण्यासारखी. शिकवणारे तोंडानं बोल म्हणून दाखवतात: बम-डिट्टी, बम-डिट्टी. मला वर्ष लागलं तो “डिट्टी” जागेवर पडायला. डाव्या हातानं सूर येतात, पण नाचवतो तो उजवाच.

रविवार, २० एप्रिल, ईस्टर

आज सकाळी जॅममधल्या, म्हणजे आम्ही एकत्र बसून वाजवतो त्या बैठकीतल्या, मैत्रिणीबरोबर तिच्या चर्चला गेले. प्रार्थनेनंतर चौघांनी उभं राहून गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भजन, गायलं. एक मेंडोलिन, एक गिटार, बाकी फक्त गळे. ब्लूग्रासमध्ये, म्हणजे बँजो-फिडल-मेंडोलिनवरच्या इथल्या संगीतात, ही जुनी रीत आहे. ब्लूग्रासचे जनक बिल मनरो यांनी आपल्या बँडमध्ये गॉस्पेलसाठी चौघांचा वेगळा ताफाच ठेवला होता, आणि ते गायला लागले की बँजो आणि फिडल बहुधा गप्प बसायचे. चार आवाज: मुख्य, त्याच्या वरचा टेनर, खालचा बॅरिटोन, आणि तळाशी बेस. आजचा बेसवाला म्हणजे सहा फुटी ट्रकचालक. कडव्यात बराच वेळ हाताची घडी घालून उभा होता. सगळे थांबले आणि त्यानं एकट्यानं चार शब्द खालच्या सुरात सोडले, तेव्हा बाकाची फळी पाठीला थरथरलेली जाणवली. मी त्या धर्माची नाही, पण डोळे भरून आले ते खरं.

येताना गाडीत अ‍ॅलिसन क्राउस आणि तिच्या युनियन स्टेशन बँडचा ‘आर्केडिया’ लावला. मार्चअखेर आला, चौदा वर्षांनंतरचा त्यांचा पहिला. सुंदर आहे. इतका घासूनपुसून लख्ख केलेला की कुठे बोट लागेल अशी भीती वाटते. त्या मानानं बिली स्ट्रिंग्ज आणि ब्रायन सटन यांचा ‘लाइव्ह अ‍ॅट द लीजन’ मला जास्त जवळचा. नॅशव्हिलमधल्या माजी सैनिकांच्या हॉलमध्ये दोघं जण दोन गिटारी घेऊन बसलेत, आणि समोरच्या लोकांचं हसणं-ओरडणं सगळं आत आलंय. एक जण वाजवत असताना दुसरा नुसता ठेका धरून त्याला जागा देतो. आमच्या गावच्या भजनी मंडळात पखवाजवाले आप्पा बुवांना अशीच जागा करून द्यायचे.

गुरुवार, २४ एप्रिल

जॅम. लायब्ररीच्या मागच्या खोलीत खुर्च्यांचं रिंगण, अकरा जण. ओल्ड-टाइमच्या, म्हणजे मी शिकतेय त्या जुन्या नाचाच्या चालींच्या, जॅममध्ये ब्लूग्राससारखी पाळीपाळीनं उस्तादी दाखवायची पद्धत नाही. सगळ्यांनी मिळून एकच चाल वाजवायची, पहिला भाग दोनदा, दुसरा भाग दोनदा, आणि पुन्हा पहिल्यापासून. दहा फेऱ्या, पंधरा फेऱ्या. पाचव्या-सहाव्या फेरीनंतर हात आपोआप चालतात आणि कान रिकामा होतो. मग शेजारच्याचं खरं ऐकू येतं. ज्यानं चाल सुरू केली त्यानं एक पाय वर उचलला की ही शेवटची फेरी.

आज मी पहिल्यांदा स्वतः चाल सुरू केली. आठवडाभर रिआनन-जस्टिनच्या त्या रेकॉर्डवरून घासत होते. पाय उचलायचं विसरले, म्हणून आम्ही बराच वेळ वाजवत राहिलो आणि मला तेच हवं होतं. थांबल्यावर समोरच्या म्हाताऱ्या फिडलवाल्यानं विचारलं, “कोणाकडून घेतलीस?”

हा प्रश्न इथे नेहमीचा. “छान वाजवलंस”च्या आधी हा येतो. चाल कोणाची, म्हणजे रचली कोणी, हे कुणालाच ठाऊक नसतं. तुला ती कोणाच्या हातून आली, ते सांग. म्हटलं, रिआनन गिडन्सकडून, तिला जो थॉम्पसन यांच्याकडून, त्यांना घरातून. त्यानं मान हलवली आणि दुसरा भाग पुन्हा वाजवायला सांगितला. त्याच्याकडे हीच चाल डोंगराकडच्या कुणाची होती, शेवटच्या वळणावर एक सूर वेगळा. त्यानं त्याचं वळण सोडलं नाही, मला माझं सोडायला लावलं नाही. दोन्ही एकमेकांवर घासत वाजले आणि ते कानाला गोड लागलं.

गाडी चालवताना डोक्यात हेच. या परंपरेत “कोणाकडून” हा प्रश्न एवढा मोठा असूनही रेकॉर्ड कंपन्यांनी सुरुवातीला त्याचं अर्धं उत्तर पुसून टाकलं. १९२७ च्या उन्हाळ्यात व्हिक्टर कंपनीचा राल्फ पीर ब्रिस्टल गावात यंत्रं घेऊन उतरला. टेनेसी आणि व्हर्जिनियाची हद्द तिथल्या मुख्य रस्त्याच्या मधून जाते. बारा दिवसांत एकोणीस कलावंतांची शहात्तर गाणी त्यानं टिपली. कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स, कंट्री संगीतातली ही पहिली मोठी नावं, तिथेच जगाला कळली. त्या काळात कंपन्यांच्या याद्याच दोन होत्या. गोऱ्यांची गावाकडची गाणी एका यादीत, काळ्यांची ‘रेस रेकॉर्ड्स’ दुसरीत, आणि दुसरीत त्यांना हवे असायचे ब्लूज. फिडल-बँजो वाजवणारा काळा माणूस कुठल्याच यादीत नीट बसेना, म्हणून त्यांच्या तबकड्या फार थोड्या निघाल्या. पुढे लोकांना वाटायला लागलं की हे वाद्य गोऱ्या डोंगराळ माणसांचंच. मेबनच्या अंगणात मात्र ते वाजतच होतं. अशा मोजक्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या वाजत राहिलं, म्हणून ते वाचलं. म्हणून मला हा अल्बम, याहून कितीतरी जास्त खपणाऱ्या अल्बमांपेक्षा मोठा वाटतो. शिष्यांनी गुरूच्या दारात जाऊन, त्याच्याच झाडाखाली बसून, जे घेतलं ते वाजवून दाखवलंय.

आणि म्हणूनच आज झोप येत नाहीये. २०१६ च्या सुट्टीत जुन्नरजवळच्या आमच्या घरी मी आजीच्या ओव्या फोनवर घेतल्या होत्या. बावीस मिनिटं. जातं तेव्हा बंदच होतं, तिनं नुसता हात फिरवत म्हटल्या होत्या. मागे विहिरीची मोटर चालू, शेळी ओरडतेय, काका कुणाला तरी हाका मारतायत. आजी गेल्यावर मी मोठ्या मायेनं ते रेकॉर्डिंग “साफ” केलं. सॉफ्टवेअरनं मोटर काढली, शेळी काढली, काका काढले. आणि मूळ फाइल जागा अडवते म्हणून पुसून टाकली.

आज रात्री हेडफोन लावून पुन्हा ऐकलं. आजीचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. प्रत्येक ओळीच्या शेवटी ती सूर हलकेच सोडून द्यायची, अर्धा श्वास, अर्धा सूर. मशीनला तो खरखर वाटला असणार. प्रत्येक ओळ कापल्यासारखी थांबते. घर नाही, अंगण नाही. त्या दिवशी दुपार होती की संध्याकाळ, तेही आता त्यातून कळत नाही.

रविवार, ४ मे

आत्याला फोन लावला. जुन्या फोनमध्ये ते रेकॉर्डिंग कुणाकडे असेल का, विचारलं. नाही. सगळ्यांना मी साफ केलेलंच पाठवलं होतं.

मग म्हटलं, “आत्या, तुला येतात ना गं आजीच्या ओव्या?”

“येतात की. सगळ्या नाही.”

“म्हण ना.”

“आत्ता? अगं, वरण लावलंय.”

तरी म्हणायला लागली. आजीपेक्षा आवाज जाड, पण ओळीच्या शेवटी तोच सूर सोडून द्यायचा. चार ओव्या झाल्यावर मला राहवलं नाही, विचारलं, ही चौथी कोणाकडून आली, आजीच्या तोंडून मी कधी ऐकली नव्हती. म्हणाली, “ही आईची नाही. माझ्या मोठ्या जाऊबाईंची. नारायणगावच्या त्या. मी नवी नवरी होते तेव्हा पहाटे त्यांच्यासमोर बसायचे जात्याला.” मी वहीत लिहून घेतलं: चौथी, आत्याच्या मोठ्या जाऊबाई, नारायणगाव.

पाचवी सुरू केली आणि कुकरची शिट्टी झाली.

“थांब गं, गॅस बंद करून येते.”

“नको आत्या. राहू दे. म्हण तू.”

दुसरी शिट्टी सातव्या ओवीत झाली. फाइल तशीच ठेवलीय.