दारात कोतवाल

दुपारी बेल वाजली. दारात चोवीस-पंचवीसचा एक मुलगा, कोपरात हेल्मेट अडकवलेलं, हातात प्लास्टिकचं फोल्डर.

"मखमलाबादच्या जमिनीची फेरफारची नोटीस आहे. सही लागंल."

"तलाठी का तुम्ही?"

"नाही काका, कोतवाल."

आतून आईचा आवाज आला, "कोतवाल? आपल्याकडे कशाला आलाय कोतवाल?"

आईचं चुकलं नव्हतं, तिचा कोतवाल फक्त दोनेकशे वर्षं जुना होता. कोट म्हणजे किल्ला, तो सांभाळणारा कोट्टपाल, त्याचा झाला कोतवाल. मोगलांच्या शहरात रात्रीचा पहारा त्याचा, बाजारातली वजनंमापं त्याची, गावात नवा माणूस कोण उतरला याची खबरही त्यालाच. अकबराच्या नियमांत तर चोर आणि चोरीचा माल सापडला नाही, तर भरपाईची जबाबदारीही कोतवालाचीच होती. (हे कलम आज असतं तर माझी 2011 साली गेलेली सायकल मिळाली असती.) पेशव्यांच्या पुण्यातही त्याचा दरारा तोच. घाशीराम कोतवालाने माणसं कोंडली, त्यातली बरीच गुदमरून मेली, आणि 1791 साली पुणेकरांनी त्याला दगडांनी ठेचला. इतकी भीती आणि इतका राग ज्या पदाच्या वाट्याला आला, ते पद आता नोटिसा वाटत हिंडतं. महसुलाच्या शिडीवरची अगदी खालची पायरी.

तो मुलगा फोल्डरमधून आमची नोटीस शोधत होता आणि मला एकेक आठवत गेलं. आपल्याकडे कायदा-सुव्यवस्थेतले बहुतेक शब्द असेच जिना उतरून आलेत. हवालदार घ्या. नाशिकला सीबीएस बसस्टँडच्या सिग्नलला आपण ज्याला "मामा, जाऊ द्या ना" म्हणतो, तो. शिवकाळात गडाचा मुख्य अधिकारी हवालदार, गडाच्या किल्ल्या त्याच्या कमरेला. रामशेजसारखा किल्ला मोगलांशी वर्षानुवर्षं झुंजला, तसल्या गडाचं पद ते. फौजदार म्हणजे मुळात फौज बाळगणारा, मोगलांचा मुलूख धाकात ठेवणारा सरदार. आज फौजदार म्हणजे पीएसआय. तो घडतो आमच्याच त्र्यंबक रोडवरच्या अकादमीत. तिथलं पोलीस ट्रेनिंग स्कूल 1909 साली पुण्याच्या भांबुर्ड्याहून इकडे आलं, तेव्हापासून नाशिककराला पहाटेची कवायत नवी नाही.

बरं, हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. कॉन्स्टेबल या शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये, अर्थ तबेल्याचा अधिकारी. पुढे फ्रान्समध्ये तो राजाच्या सैन्याचा सेनापती झाला. आणि 1829 साली रॉबर्ट पीलने लंडनमध्ये नवे पोलीस उभे केले, तेव्हा त्याच नावाचा माणूस पायी गस्त घालू लागला. त्याचा कोट मुद्दाम निळा ठेवला होता, लाल नाही. लाल म्हणजे सैन्य, आणि आपल्या गल्लीत सैन्य फिरतंय असं लोकांना वाटायला नको होतं. मला वाटतं, या घसरणीचं कारण यातच असावं. तलवार काढून घेतली, शिट्टी दिली, नाव मात्र तेच ठेवलं. नाव बदलायला पैसे लागत नाहीत, तरी सरकारं ते सहसा टाळतात, कारण जुन्या नावाचा धाक फुकट मिळतो.

पाटलाने तेवढी जागा टिकवली. 1967 च्या कायद्याने पोलीस पाटील नेमणुकीचा झाला, वंशपरंपरा गेली. तरी निफाडकडच्या आमच्या आजोळी भांडण झालं की लोक अजून आधी त्याच्याच ओट्यावर जातात, ठाण्यात नंतर.

"काका, पेन आहे का?"

दिलं. मी सही केली, त्याने खाली तारीख टाकली. चहा विचारला तर म्हणाला, "नको, अजून चार घरं आहेत. संध्याकाळी ग्राउंडला जायचंय." कसलं ग्राउंड? तर पोलीस भरतीची तयारी चाललीये, गोल्फ क्लबच्या मैदानावर पळायला जातो. सोळाशे मीटरला अजून वीस सेकंद जास्त लागतात म्हणाला. आई तोवर बाहेर आली होती. तिने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "वाळलाय किती. दूध पीत जा रे."

तो हसला, हेल्मेट चढवलं आणि गेला.

संध्याकाळी वाण्याची यादी लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं, पेन नाही. कोतवाल घेऊन गेला होता.