तुम्ही विचारलंत म्हणून: पीडीएफ ग्रुपवर टाकली तर गुन्हा होतो का?

मी वकील आहे आणि माझं बरंचसं काम लेखक-प्रकाशकांच्या करारांचं. हे समोरच्याला कळलं की मग लग्नाची पंगत असो नाहीतर सोसायटीची मीटिंग, प्रश्न ठरलेला: "मॅडम, पुस्तकाची पीडीएफ डाउनलोड केली, ग्रुपवर टाकली, तर खरंच गुन्हा होतो का हो?" विचारणाऱ्याला ऐकायचं असतं, "छे हो, काही होत नाही." तसं मी सांगू शकत नाही. "हो, आत जाल" असंही सांगत नाही, कारण तेही खरं नाही. मग उत्तर लांबतं आणि पंगतीतला भात गार होतो. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

या प्रश्नात घेणं आणि देणं अशा दोन गोष्टी एकत्र कालवलेल्या असतात. कायदा त्यांच्याकडे एका नजरेने पाहत नाही.

2016च्या ऑगस्टमधली घबराट आठवत असेल. चोरट्या प्रती देतात म्हणून बंद केलेल्या साइट उघडल्या की पडद्यावर इशारा यायचा: इथला मजकूर पाहणं, उतरवून घेणं, दाखवणं, त्याच्या प्रती काढणं हा गुन्हा आहे, तीन वर्षं कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड. झालं! टोरंटची, म्हणजे लोक आपापसांत फाइलचे तुकडे वाटून घेतात तशी, साइट नुसती उघडली तरी जेल, अशी बातमी दोन-चार दिवस सगळीकडे फिरली. त्या वेळी 'ढिशूम' या हिंदी सिनेमाच्या चोरट्या प्रतींचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांच्यापुढे होतं. नुसतं पाहणं हा गुन्हा नव्हे, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. बेकायदा प्रत हक्कदाराचं नुकसान होईल अशी वाटणं, जाहीरपणे दाखवणं, विकायला किंवा भाड्याने देणं हा गुन्हा. इशाऱ्याचा मजकूरही बदलायला लावला. या निकालाची बातमी मात्र आधीच्या अफवेइतकी फिरली नाही. आजही मला कुणीतरी तो तीन लाखांचा आकडा ऐकवतं. कॉपीराइट कायद्यात दंडाची कमाल मर्यादा दोन लाखांची आहे.

पाहण्याचं झालं. उतरवून घेण्याचं काय? 1957चा कॉपीराइट कायदा म्हणतो की प्रत काढण्याचा हक्क मालकाचा, आणि फोनमध्ये साठवणं हीसुद्धा प्रतच. त्याच कायद्यात पुढे खासगी वापर आणि संशोधन यांसाठी 'वाजवी' वापराला मोकळीक आहे. आता चोरट्या प्रतीवरून अख्खं पुस्तक उतरवून घेतलं तर ते वाजवी ठरतं का? कायद्यात याचं सरळ एका वाक्यातलं उत्तर नाही. कोर्टात गेलं तर निकाल तुमच्या बाजूने लागेल यावर मी पैज लावणार नाही. पण एका माणसाच्या फोनमधल्या एका फाइलसाठी कोण कोर्टात जाणार? वकिलाची फीच पुस्तकाच्या शंभर प्रतींना भारी पडेल. घरात बसून एक पुस्तक उतरवलं म्हणून आपल्याकडे कुणाला अटक झाल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

सॉफ्टवेअरला मात्र ही सवलत नाही. बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरली, तर त्यासाठी वेगळं कलम आहे आणि त्यात किमान सात दिवसांची कैद लिहिलेली आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट नुसत्या दंडावर सोडू शकतं. पायरसीच्या नावाने माझ्याकडे तक्रार घेऊन येणाऱ्या प्रकाशकांना मी हे आवर्जून सांगते, कारण त्यांच्या पुस्तकांची पानं संगणकावर लावणाऱ्या डीटीपीवाल्याकडचं सॉफ्टवेअर पुष्कळदा 'क्रॅक' केलेलं असतं. ऐकून घेतात, चहा पितात, जातात.

टोरंटची तऱ्हा निराळी. आपण फक्त घेतोय असं वाटतं, पण फाइलचे तुकडे येतात आणि आलेला प्रत्येक तुकडा तुमचा संगणक त्याच क्षणी इतरांना वाटू लागतो. म्हणजे घेता घेता देणं चालूच. माझ्या मैत्रिणीची मुलगी जर्मनीत शिकायला गेली. पुण्यातल्या होस्टेलची सवय, लॅपटॉपवर टोरंट चालूच. काही आठवड्यांनी पोस्टाच्या पेटीत जाडजूड पाकीट. आत एका वकिली फर्मची नोटीस, तिकडे त्याला 'अब्माहनुंग' म्हणतात. सिनेमाचं नाव, तारीख, मिनिटापर्यंतची वेळ, तिचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीचा क्रमांक, हजाराला थोडे कमी युरो भरा अशी मागणी आणि पुन्हा असं करणार नाही या हमीपत्रावर सही करा म्हणून एक कागद. हक्कदारांनी नेमलेल्या कंपन्या त्याच टोरंटमध्ये शिरतात, कोण तुकडे वाटतंय त्याचे आयपी पत्ते टिपतात, आणि कोर्टाच्या हुकमाने इंटरनेट कंपनीकडून नाव-पत्ता मिळवतात. तिने मला फोन केला तेव्हा पहिलं वाक्य होतं, "मावशी, मी कुणाला पाठवला नाही गं, फक्त पाहिला." मी तिला तिथलाच वकील गाठायला सांगितलं आणि ते हमीपत्र जसंच्या तसं सही करू नकोस म्हणाले, कारण त्यातलं बंधन पुढे वर्षानुवर्षं मानेवर बसतं. तिकडे शिकायला निघालेल्या मुलांना लोणच्याच्या बरण्या कमी द्या, पण हे आधी सांगा.

आता ग्रुपवर टाकण्याकडे येते. खरा प्रश्न तोच आहे.

आपल्या लोकांची पक्की समजूत अशी की पैसे घेतले तरच चोरी. "आम्ही काय विकतोय थोडंच?" कायद्याची भाषा वेगळी आहे. बेकायदा प्रत धंद्यासाठी वाटली तर कॉपीराइटचा भंग होतोच. पण हक्कदाराला बाधा पोहोचेल इतक्या प्रमाणात वाटली, तर धंदा नसला तरी भंग. 'इतक्या प्रमाणात' हे शब्द नीट वाचा. बहिणीला एक फाइल पाठवणं आणि हजार जणांच्या साहित्यप्रेमी ग्रुपवर टाकणं यांतला फरक तिथे आहे. शिवाय कलाकृती जनतेला उपलब्ध करून देणं हा वेगळा हक्क आहे, आणि त्याच्या व्याख्येतच म्हटलंय की प्रत्यक्षात कुणी पाहिली की नाही याला महत्त्व नाही. "टाकली होती, पण कुणी उघडलीच नाही" हा बचाव तिथेच संपतो. घरच्या चार जणांचा ग्रुप म्हणजे जनता नव्हे, असं मी कोर्टात तोंड वर करून म्हणू शकते. हजारांच्या ग्रुपबद्दल नाही म्हणता येणार.

जाणूनबुजून भंग केला तर सहा महिने ते तीन वर्षं कैद, पन्नास हजार ते दोन लाख दंड. व्यापारी फायद्यासाठी केलं नसेल तर कोर्ट कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. कमी, माफ नव्हे. आणि मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि जामीन हक्क म्हणून मिळत नाही. त्याआधी यावर वेगवेगळ्या उच्च न्यायालयांची वेगवेगळी मतं होती. कागदावर हे कलम भलतंच कडक झालंय, आणि माझ्या मते गरजेपेक्षा जास्त. फॉरवर्ड करणाऱ्या निवृत्त मास्तरांना आणि छापखाना टाकून नकली पुस्तकं काढणाऱ्याला एकाच कलमात बसवणं मला पटत नाही.

यातला 'जाणूनबुजून' हा शब्द गमतीचा आहे. ग्रुपवरच्या फाइलखाली हमखास एक ओळ असते: 'कॉपीराइटचा भंग करण्याचा हेतू नाही, केवळ वाचनसंस्कृतीसाठी.' लिहिणाऱ्याला वाटतं आपण कवच चढवलं. उद्या मी समोरच्या बाजूने उभी राहिले तर सर्वात आधी हीच ओळ न्यायाधीशांपुढे ठेवीन. कॉपीराइट आहे हे यांना ठाऊक होतं, बघा, स्वतःच लिहिलंय.

मध्यंतरी एका लेखकाने मला त्यांच्याच पुस्तकाची फिरत आलेली पीडीएफ पाठवली. फोनने काढलेले फोटो. डाव्या पानांवर अंगठा, पान सतरावर एका वाचनालयाचा गोल शिक्का, मध्ये दोन पानं उलटी. आणि सुरुवातीला, अगदी स्वच्छ प्रकाशात, ते पान: 'लेखी परवानगीशिवाय या पुस्तकाचा कोणताही भाग...' खाली हक्क लेखकाच्या पत्नीच्या नावावर, आपल्याकडे पुष्कळ पुस्तकांत असतो तसा. काढणाऱ्याने तेही पान निष्ठेने टिपलं होतं. लेखक संतापलेले नव्हते. त्यांनी विचारलं, "याचं काही करायचं का हो?" आम्ही हिशेब मांडला. तीनशे रुपयांचं पुस्तक, दहा टक्के रॉयल्टी, म्हणजे प्रतीमागे तीस रुपये. हजाराची आवृत्ती पूर्ण खपली तरी तीस हजार, आणि ती खपायला कित्येक वर्षं. पीडीएफ एका संध्याकाळी किती फोनांत गेली ते कोण मोजणार. पीडीएफ वाचणारा प्रत्येक जण पुस्तक विकत घेणारच होता असं मी मानत नाही, प्रकाशक तसं सांगतात तेव्हा तेही मला अतिशयोक्तच वाटतं. पण इतक्या लहान बाजारात त्यातले पन्नास जण जरी घेणारे असले, तरी तो आकडा लेखकाला जाणवतो. शेवटी त्यांनी काहीच केलं नाही. ग्रुपमध्ये त्यांचे दोन विद्यार्थी होते.

"पण मॅडम, पुस्तक मिळतच नाही, प्रकाशक पुन्हा छापत नाही, मग आम्ही काय करायचं?" या युक्तिवादापुढे मी खरोखर नरमते. आवृत्ती संपली म्हणून हक्क संपत नाही, हे कायद्याचं उत्तर. पण त्याच कायद्यात एक खिडकी आहे आणि ती फारसं कुणी उघडत नाही. पुस्तक भारतात विकत मिळत नसेल, तर ना-नफा तत्त्वावरच्या सार्वजनिक वाचनालयाला आपल्या वापरासाठी तीनपर्यंत प्रती काढता येतात. छापील प्रत आधीपासून वाचनालयात असेल तर जतनासाठी तिची डिजिटल प्रतही ठेवता येते. गावोगावची जुनी वाचनालयं वाळवीच्या तोंडी पुस्तकं देत बसली आहेत. त्यांच्या कार्यकारिणीला कुणीतरी हे वाचून दाखवायला हवं. ही तरतूद जतनाची आहे, ग्रुपवर टाकण्याची नाही, तेवढं मात्र ध्यानात ठेवायचं.

आणि कॉपीराइट संपून मुक्त झालेलं साहित्य? हक्क टिकतो लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, मोजणी पुढच्या 1 जानेवारीपासून. पूर्वी पन्नास होती. 1941 साली गेलेल्या रवींद्रनाथांचं लेखन मोकळं व्हायची वेळ आली तेव्हा ती वाढवली, कायद्यात दुरुस्ती झाली 1992 साली. साने गुरुजी 1950 साली गेले, म्हणजे 2011 पासून त्यांचं लेखन सर्वांचं. मर्ढेकर आणि डॉ. आंबेडकर दोघेही 1956 साली गेले, म्हणून 2017 पासून. सावरकर 2027 पासून, अत्रे 2030 पासून. पु. ल. मात्र 2060 अखेरपर्यंत नाहीत, आणि ग्रुपवर सर्वात जास्त फिरतात तेच. बहिणाबाईंची गोष्ट वेगळी: त्या 1951 साली गेल्या, गाणी पुस्तकरूपाने आली 1952 साली. मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या लेखनाची साठ वर्षं प्रकाशनापासून मोजतात, म्हणून ती 2013 पासून मोकळी. ज्ञानेश्वरीची मूळ ओवी कुणाच्याही मालकीची नाही, पण हयात अभ्यासकाने केलेला तिचा गद्य अनुवाद त्याचा आहे. तो स्कॅन करून 'माउलींचं आहे' म्हणता येत नाही.

स्पर्धा परीक्षेची मुलं विचारतात तेव्हा प्रश्नाचा सूर वेगळा असतो. खोलीभाडं, मेस, अभ्यासिकेची फी, त्यावर पुस्तकांचा गठ्ठा. त्यांच्या टेलिग्रामवर सगळं असतं. दिल्ली विद्यापीठाजवळच्या झेरॉक्स दुकानाचा निकाल त्यांना तोंडपाठ असतो: 2016 साली दिल्ली उच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांसाठी नेमलेल्या वाचनाच्या झेरॉक्स-संचांना संरक्षण दिलं, मोठे विदेशी प्रकाशक हरले. मला तो निकाल आवडतो. पण त्यात शिक्षक होते, अभ्यासक्रम होता, पुस्तकांतला निवडक भाग होता. हजारोंच्या चॅनलवर अख्खी पुस्तकं टाकणं त्यात बसत नाही. त्याच न्यायालयाने 2020 साली वर्तमानपत्रांच्या ई-पेपरच्या पीडीएफ वाटणाऱ्या चॅनलांबद्दल टेलिग्रामविरुद्ध आदेश दिला, आणि 2022 साली एका शिक्षिकेच्या अभ्याससाहित्याच्या प्रकरणात चॅनल चालवणाऱ्यांची माहिती, फोन नंबरांसकट, न्यायालयाला द्यायला टेलिग्रामला भाग पाडलं. नाव दिसत नाही म्हणून निर्धास्त राहणाऱ्या अ‍ॅडमिनने हे लक्षात घ्यावं.

अ‍ॅडमिनवरून आठवलं. सभासदाने काही टाकलं तर अ‍ॅडमिन अडकतो का? 2021 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलं की दोघांचा समान उद्देश नसेल तर केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून सभासदाच्या पोस्टचा गुन्हा त्याच्या माथी येत नाही. ते प्रकरण आक्षेपार्ह मजकुराचं होतं, कॉपीराइटचं नव्हे, पण तर्क तोच लागू पडावा असं मला वाटतं. ग्रुपचं नावच 'मोफत पीडीएफ' असेल तर मात्र समान उद्देश नव्हता हे मी कोणत्या तोंडाने सांगू?

आणि प्रकाशकाची नोटीस आलीच, तर फाइल लगेच काढा, काढल्याचं थोडक्यात लेखी कळवा, आणि उत्तरात वाचनसंस्कृतीवर निबंध लिहू नका. बहुतेक प्रकरणं तिथेच मिटतात.