तुम्ही विचारलंत म्हणून: काटवट आणि पळी कोणत्या लाकडाची घ्यावी?

सोलापूरची गड्ड्याची यात्रा जवळ आली की मला हा प्रश्न हटकून विचारला जातो.

काटवटीसाठी माझे मत बाभळीला आहे. आपल्या काळ्या रानाच्या बांधावर वाढणारे हे लाकूड जड, घट्ट आणि चिवट असते. भाकरीचे पीठ मळताना पडणारा तळहाताचा जोर ते वर्षानुवर्षे सोसते. मात्र घेताना काटवट उलटी करून तिचा काठ नीट पाहावा. तांबूस तपकिरी दिसतो तो गाभा, आणि त्याच्या कडेचा फिकट पट्टा म्हणजे सालीलगतचे लाकूड, ज्यात भुंगा आधी शिरतो आणि पिठासारखा भुसा पाडतो. हा पट्टा रुंद असेल तर काटवट कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. बाभळीत टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असल्यामुळे ओल्या काटवटीत लोखंडी उलथणे राहिले तर काळा डाग पडतो; तो दिसायला वाईट, पण अपायकारक नाही.

पळीला चिंच उत्तम. खाटकाचा ठोकळा चिंचेचा असतो, तो काही उगीच नव्हे. कडुनिंबही चालतो, परंतु नवी पळी तासभर गरम पाण्यात बुडवून ते पाणी चाखावे, कारण पाण्यात उतरणारा कडवटपणा आमटीतही उतरणारच.

भाजण्याच्या काड्यांसाठी कण्हेरीच्या सरळ, गुळगुळीत फांद्यांचा मोह होतो. पण कण्हेर सर्वांगाने विषारी आहे, तिला हातही लावू नये. रुईचेही तेच. पेटाऱ्यांच्या फळ्यांवर ‘एमबी’ असा शिक्का असेल तर त्या लाकडाला मिथाइल ब्रोमाइड या विषारी कीडनाशक वायूची धुरी दिलेली असते. ‘एचटी’ म्हणजे केवळ उष्णता दिलेली, तरीही त्या पेटाऱ्यातून काय वाहून आणले होते हे कळत नसल्याने मी त्या फळ्या स्वयंपाकघरात आणत नाही.

चकचकीत पॉलिशची भांडी टाळून कोरे लाकूड घ्यावे आणि त्याला तेल आपण द्यावे. शेंगदाण्याचे तेल वाळत नाही, काही दिवसांनी खवट होते. घाण्याचे करडईचे किंवा खाण्याचे जवसाचे तेल अगदी पातळ चोळून, जास्तीचे पुसून, भांडे सावलीत वाऱ्याला दोन आठवडे ठेवावे. रंगाच्या दुकानातले ‘डबल बॉइल्ड’ जवस तेल मात्र नको. ते लवकर वाळावे म्हणून त्यात धातूंचे क्षार मिसळलेले असतात.