लॅपलँडची तारीख शाळेच्या सुट्टीवरून नको, तिथला उजेड आणि बर्फ बघून ठरवा

फिनलंडच्या लॅपलँडला जायचं म्हटलं की आपल्याकडे आधी शाळेची सुट्टी बघतात, दिवाळी, नाताळ नाहीतर मे महिना, आणि नेमके हेच तिन्ही काळ तिथे अडचणीचे आहेत. एवढा पैसा घालायचा तर आधी सीझन ठरवा, हॉटेल नंतर. आम्ही लेकीचा दहावीचा शेवटचा पेपर झाल्यावर मार्चच्या उत्तरार्धात गेलो, नवरा, लेक, सासूबाई आणि मी, आणि आता कुणी विचारलं तर मी आधी मार्चच सांगते.

मे महिन्याचं आधी सांगते कारण सगळ्यात जास्त विचारणा त्याचीच होते. मे मध्ये बर्फ वितळत असतो, सगळीकडे ओल आणि चिखल, झाडांना अजून पालवी नाही, बऱ्याच सफारी आणि रिसॉर्ट बंद, आणि रात्री नीट अंधारच पडत नाही त्यामुळे नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे उत्तरेला रात्री आभाळात हलणारा हिरवा उजेड, विसरा. जून-जुलैला मध्यरात्रीचा सूर्य असतो, रोव्हानिएमीला (लॅपलँडचं मुख्य शहर) साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तो मावळत नाही, ते बघायलाच जायचं असेल तर जरूर जा, पण जूनअखेरीपासून डास फार असतात, आणि तेव्हा काचेच्या इग्लूचे, म्हणजे काचेच्या छताच्या खोलीचे, पैसे भरू नका, वर बघायला काळोख लागतो ना.

दिवाळीत काय होतं, तर पानांचे लाल-पिवळे रंग (तिथे त्याला रुस्का म्हणतात) सप्टेंबरमध्येच येऊन गेलेले असतात आणि बर्फाची खात्री नसते. तळी नीट गोठलेली नसतात, आभाळ बरेचदा भरलेलं, आणि जमिनीवर बर्फ नसला की हस्की कुत्र्यांनी ओढायची गाडी चाकांवर चालवतात. रंगच बघायचे असतील तर सप्टेंबरचा मध्य धरा, तेव्हा रात्री अंधारही असतो त्यामुळे लाइट्स दिसायचा चान्स आहे. माझ्या मते मार्चनंतर दुसरा नंबर सप्टेंबरचाच.

डिसेंबरबद्दल वाईट बोलायचं नाहीये, त्या दिवसांतला दुपारचा निळा उजेड खरंच सुंदर असतो आणि फिनिश लोकांना तो प्रिय आहे. पण २१ डिसेंबरच्या आसपास रोव्हानिएमीला सूर्य जेमतेम दोन-सव्वादोन तास क्षितिजावर असतो, आणि अजून उत्तरेला सारिसेल्काला तर डिसेंबरच्या सुरुवातीपासून १० जानेवारीच्या आसपासपर्यंत उगवतच नाही. त्यात ढग जास्त आणि नाताळ-न्यू इयरचे रेट वर्षातले सगळ्यात चढे, शिवाय किमान अमुक रात्री घ्याच अशी अट बऱ्याच ठिकाणी असते. घरात सांताक्लॉजवर विश्वास ठेवणारं पोर असेल तर नाताळाचं मी समजू शकते, पण रोव्हानिएमीजवळचं सांताचं गाव वर्षभर उघडं असतं हे लक्षात ठेवा. जानेवारी-फेब्रुवारीत पारा उणे ३० पर्यंत जाऊ शकतो. फिनलंडचा थंडीचा रेकॉर्ड उणे ५१.५ अंशांचा आहे, किट्टिला भागातल्या पोक्का गावात जानेवारी १९९९ मध्ये नोंदलेला. वयस्कर माणूस बरोबर असेल तर हे दोन महिने टाळा.

आता मार्च. बर्फ साधारण सगळ्यात जाड याच सुमारास असतो, दिवस बारा तासांचा, ऊन पडतं, दिवसा साधारण उणे पाच-दहा, त्यामुळे सासूबाईसुद्धा रेनडिअरच्या गाडीत ब्लँकेट गुंडाळून मजेत बसल्या. आणि दिवस-रात्र समान असतात त्या सुमाराला, म्हणजे मार्च आणि सप्टेंबरमध्ये, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ सरासरीने जास्त असते, त्याचा फायदा लाइट्सना होतो. केपी आकड्याच्या (ही खळबळ ० ते ९ मध्ये मोजतात तो) मागे फार लागू नका, सारिसेल्का-इनारी पट्ट्यात केपी १-२ लाही दिसतात, खरा शत्रू ढग. फिनलंडच्या हवामान खात्याच्या साइटवर ढगांचा अंदाज रोज संध्याकाळी बघायचा. शक्यतो पौर्णिमेचे दिवसही टाळा, बर्फावर चांदणं एवढं पसरतं की फिके लाइट्स त्यात हरवतात.

आमच्या इग्लूचं छत तापवलेल्या काचेचं होतं, भुरभुर पडणारा बर्फ टेकायचा आणि पाणी होऊन घसरायचा. साडेदहाच्या सुमारास झाडांच्या वर एक पांढरट पट्टा दिसला, मला तर धुरासारखा वाटला, लेकीने फोन नाइट मोडवर धरला तर स्क्रीनवर हिरवागार. मग तो पट्टा हळूहळू जाड झाला, डोळ्यांनाही हिरवा दिसायला लागला आणि खालची कड पडद्याच्या झालरीसारखी हलायला लागली. सासूबाई पडल्या पडल्या बघत होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत. पण सगळ्या रात्री इग्लूत काढू नका, एक-दोन पुरे, बाकी लाकडी केबिन घ्या ज्यात स्वतःची सॉना असते आणि जागाही ऐसपैस. लहान इग्लूत काही ठिकाणी शॉवर नसतो, बुकिंगआधी विचारून घ्या. डोळ्यांची पट्टी न्या, पहाटे लवकर उजाडतं.

समुद्रकाठच्या केमी गावाहून बर्फ फोडणाऱ्या जहाजावर जायचं असेल तरी मार्च उत्तम, समुद्र चांगला गोठलेला असतो. जाड लाल रबरी सूट घालून फोडलेल्या बर्फाच्या पाण्यात तरंगायला सोडतात, अंग कोरडं राहतं, गारठा फक्त चेहऱ्याला लागतो. रोव्हानिएमीहून केमी सुमारे १२० किमी.

तारखा बघताना दोन गोष्टी तपासा. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत फिनिश शाळांची स्की सुट्टी पाळीपाळीने असते, आणि ईस्टरलाही लेवी, सारिसेल्का ही स्कीची ठिकाणं भरून जातात. शिवाय मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं, मग पुरता अंधार रात्री दहानंतरच. एप्रिलच्या मध्यापर्यंत रात्री फार उजळ होतात, म्हणून उशीर करू नका. सीबीएसईवाल्यांना परीक्षा आणि नवीन शैक्षणिक वर्ष यांच्यामधली फट बरोबर इथेच मिळते.

कपड्यांवर खूप खर्च नको, सफारीवाले जाड ओव्हरऑल आणि बूट देतात. आत मात्र लोकरीचे थर हवेत, सुती नको, घाम आला की सुती ओलं राहतं आणि थंडी आत शिरते. मार्चमध्ये दुपारी बर्फ थोडा वितळून रात्री काच होतो, त्यामुळे बुटाखाली लावायचे काट्यांचे पट्टे तिथे दुकानात मिळतात ते पहिल्याच दिवशी घ्या, ज्येष्ठांना तर हवेतच. फोन आतल्या खिशात, थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. शाकाहारी असाल तर भाताचं सारण भरलेली राईची कारेलियन पाय, मशरूम सूप, आणि क्लाउडबेरीच्या जॅमबरोबर भाजलेलं चीज, यावर निभतं, पायवर अंडं-लोणी घालून देतात ते नको म्हणून सांगा. थेपले बरोबर होतेच.

व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो, म्हणजे मार्चसाठी सप्टेंबरमध्ये, आणि किमान ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो. हॉटेलचं बुकिंग आधी कराल तेव्हा कॅन्सल करता येणारा रेटच घ्या, थोडा महाग असला तरी, व्हिसा हातात आल्यावर मग हवं तर स्वस्त रेटवर बदला.