आधी पाण्याला वाट : आमच्या वाड्याची दुरुस्ती

वाडा पाडून त्या जागी चार गाळे काढायचे, हे आमच्या घरात जवळजवळ ठरलंच होतं. गाव कळंब तालुक्यातलं, वाडा रस्त्याला लागून, भाऊ पुण्याला आणि आई लातूरला माझ्याकडं. अडलं होतं ते पाडायच्या खर्चावर. काळ्या दगडाचं जोतं, तीन फूट जाडीच्या भिंती, वर माळवद म्हणजे लाकडांवर माती ठोकून केलेलं सपाट छप्पर. जेसीबीवाल्यानं सांगितलेला आकडा ऐकून भाऊ म्हणाला, "तुला त्या वाड्याचा एवढा पुळका आहे ना, मग तूच बघ त्याचं काय करायचं ते." तो चिडून बोलला होता. मी ते शब्दशः घेतलं.

आईचा विरोध मात्र नुसता हट्ट म्हणून सोडून देण्यासारखा नव्हता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ती याच वाड्यात होती. आमच्याकडं भिंतींना तडे गेले एवढंच. पण लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, बहुतेक सगळी दगडामातीच्या भिंतींखाली आणि माळवदाच्या मातीखाली. तिच्या माहेरची माणसं त्यात होती. "दगडाच्या घरात मी परत झोपायची न्हाई," असं ती म्हणते तेव्हा तिच्यापुढं वारसा, संस्कृती असले शब्द काढायला जीभ रेटत नाही. त्यामुळं गवंडी बघण्याआधी मी इंजिनिअर बघायला निघाले.

दोघांनी वाड्यात पाऊल न टाकताच "आरसीसी करून टाका मॅडम" असं सांगितलं. मग एक मिळाले, उमेदवारीची वर्षं भूकंपानंतरच्या पुनर्वसनाच्या कामात गेलेले. ते आले आणि अर्धा दिवस नुसतेच फिरले. हातात ओळंबा, खिशात एक लांब खिळा. प्रत्येक खांबाला, प्रत्येक तुळईला खिळा टोचून बघायचे आणि खडूनं खूण करायचे. दुपारी जेवताना त्यांनी आईला जे समजावलं, ते मला आजवर कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.

आपल्याकडची दगडी भिंत बाहेरून एक दिसते, पण आत तिचे दोन पदर असतात. बाहेरचा घडीव दगडाचा, आतला ओबडधोबड, आणि मधल्या पोकळीत गोटे, मुरूम, माती. दोन्ही पदरांना सांधणारा आरपार दगड नसेल तर हादऱ्यानं पदर एकमेकांना सोडतात, बाहेरचा फुगतो आणि कोसळतो. त्यात माळवद गळू नये म्हणून दरवर्षी वरून नवी माती टाकायची रीत. जुनी काढायची नाही, नवी टाकायची. असे दोन-दोन फुटांचे थर त्या भागात कित्येक घरांवर साचले होते. ते वजन खाली आलं. पण जिथं माळवदाचा भार लाकडी खांबांवर होता, तिथं अनेक ठिकाणी भिंती पडल्या आणि खण, म्हणजे खांब-तुळयांचा सांगाडा, उभे राहिले. "काकू, तुमचा वाडा खणांचा आहे," ते म्हणाले. "खाली दगडी तळखडा, त्यावर खांब, खांबावर तुळई. भिंती नुसत्या आडोशाला. भिंती बांधून घेऊ, वरचं ओझं उतरवू."

आई म्हणाली, "मग आधी ओझं उतरवा." ही तिची अर्धी परवानगी.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घराचा उतारा, वडिलांच्या नावावर होता, त्यावर वारसांची नोंद करून घेतली. गावठाणाच्या ड्रोन मोजणीनंतर मिळालेलं मालमत्ता पत्रक कामाला आलं. कर्जाच्या भानगडीत मी पडले होते, पण एका बँकेनं मातीच्या बांधकामाचं मूल्य शून्य धरलं, तेव्हा तो नाद सोडला आणि काम टप्प्याटप्प्यानं करायचं ठरवलं. तुमचा वाडा एखाद्या संरक्षित स्मारकाजवळ असेल तर मात्र आधी चौकशी करा. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम चालत नाही, त्यापुढच्या २०० मीटरमध्येही परवानगी लागते, आणि जुन्या घराची दुरुस्तीसुद्धा न विचारता करता येत नाही. परांडा, औसा, धारूर अशा किल्ल्यांच्या गावांत हे बघितलेलं बरं.

खरा विषय आहे पाण्याचा.

भूकंपानंतर वडिलांनी वाड्याची काळजी म्हणून दोन गोष्टी केल्या होत्या. बाहेरच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा आणि माळवदावर सिमेंटचा कोबा. तेव्हा सगळ्यांनी तेच केलं, दुसरं सांगणारं कुणी नव्हतंच. मला चुन्याचं काम करणारा माणूस हवा होता आणि विचारत विचारत एक म्हातारे चाचा सापडले. दर्ग्याच्या, बारवांच्या कामावर चुना मळलेले. ते आले, भिंतीवर हात फिरवला, एका जागी बोटानं ठोकलं. पोकळ आवाज आला. म्हणाले, "बाई, भितीचं नाक दाबून ठेवलंय तुम्ही. कसं जगावं तिनं?"

जोत्यातून ओल वर चढते, अशा जुन्या भिंतीत ती पुरती थांबवणं अवघड. माती आणि चुना सच्छिद्र असतात, त्यांतून ती ओल बाहेर येते आणि वाऱ्यानं सुकते. सिमेंटनं ती वाट बंद केली. मग ओल आतच राहते, आणखी वर चढते, बरोबरचे क्षार गिलाव्यामागं साठतात आणि एक दिवस पोपडा धरून सगळं सुटतं. छिन्नीनं सिमेंट काढलं तेव्हा मागची माती बोटानं उकरता येईल इतकी भुसभुशीत झालेली होती. गिलावा काढलेल्या त्या भिंती उन्हाळाभर तशाच उघड्या सुकू दिल्या. गावात लोक विचारायचे, "काय करायलाव, काम बंद पडलं का?"

माळवद उतरवलं तेव्हा वरचंही तेच दिसलं. कोब्याला बारीक भेगा पडलेल्या, त्यांतून पाणी आत गेलेलं आणि वरून सुकायला जागा नाही. तुळयांची मधली लांबी खणखणीत होती, खिळा शिरत नव्हता. पण भिंतीत गेलेली टोकं कुजून वाळवीनं पोखरलेली. गावातल्या लोकांचं मत, सगळं सागवान बदला. सुतारमामांनी ऐकलं नाही. नासलेलं टोक कापून त्याजागी जुन्याच सागाचा तुकडा तिरक्या सांध्यानं बसवायचा, दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्टी आणि बोल्ट, असं त्यांनी केलं. लाकूड मिळालं शेजारच्या तालुक्यात पाडलेल्या एका वाड्याचं. आमचा वाडा दुसऱ्या वाड्याच्या हाडांवर उभा राहतोय हे मला थोडं लागलं, पण नव्या सागापेक्षा ते लाकूड सरस होतं यात शंका नाही. भिंतीत जाणाऱ्या टोकांना मामांनी बिब्ब्याचं तेल चोपडलं. ते काम करताना त्यांनी मला जवळ येऊ दिलं नाही. बिब्बा उतला की अंगावर फोड येतात. बाकी लाकडाला जवसाचं तेल.

चुना कळीचा, म्हणजे भाजलेल्या चुनखडीचे खडे, आणला, यवतमाळकडच्या वणी तालुक्यातल्या भट्टीचा. परसात खड्डा घेतला, विटांनी बांधला. चाचांनी आधी पाणी भरून घेतलं आणि मग त्यात कळ्या सोडल्या. उलटं करायचं नाही, हे त्यांनी तीनतीनदा बजावलं. क्षणभर काहीच होत नाही. मग कळी तडकते, खालून खदखद सुरू होते आणि पाहता पाहता सगळा खड्डा वाफ सोडायला लागतो. पोरांना लांब हाकललं, मजुरांना चष्मे दिले. एक थेंब डोळ्यात गेला तर डोळा गेला म्हणायचा. असा पाण्यात विरवलेला चुना गाळून, वर चार बोटं पाणी ठेवून, काही आठवडे मुरू दिला. मुरलेला चुना थापीवर घेतला तर लोण्याच्या गोळ्यागत घसरत नाही, चिकटून राहतो. तोवर चाचा त्याला हात लावू देत नसत.

मळणीचं प्रमाण आम्ही एक भाग चुना, दोन भाग वाळू आणि एक भाग सुरखी असं धरलं. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांचा चुरा. नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगड बनतो, सुरखीनं तो ओलीतही धरतो. चुना मळायची बैलाची घाणी आता कुठली? मिक्सर भाड्यानं आणला आणि त्यातच घोळवलं. चाचांनी नाक मुरडलं, पण दुसऱ्या दिवशी स्वतःच त्याला डिझेल घातलं.

आतल्या भिंतींना मातीचाच गिलावा केला. माती आमच्याच पडलेल्या भिंतीची आणि माळवदावरून उतरवलेली पांढरी माती. चाळून, भिजवून, भुसा आणि शेण घालून कुजवलेली. काळी माती इथं चालत नाही, ती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, आमच्या रानात चालताना हे कुणालाही कळतं. गिलाव्यात तंतू म्हणून अंबाडी कुटून घातली. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेचे तंतू मिसळलेले असल्याचं २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं होतं, आणि तिथला गिलावा कीड न लागता टिकला त्यात त्या तंतूंचा वाटा आहे असं त्या अभ्यासकांचं म्हणणं. भांग पेरून मला तुरुंगात जायचं नव्हतं. अंबाडी बांधावर होती.

आरपार दगडांचं काम सगळ्यात कंटाळवाणं. भिंतीत साधारण चार फुटांवर एक आणि उंचीत दोन फुटांवर एक, एकाआड एक सरकवून, दगड काढायचे आणि लांब दगड घालायचे. तीन फुटी दगड पाथरवटाकडून काही मिळाले, सगळीकडं पुरले नाहीत. उरलेल्या भोकांत वाकवलेली सळई घालून काँक्रीट भरलं. म्हणजे वाड्यात सिमेंट आहे. चुन्याच्या नावानं सोवळं पाळणाऱ्या काही मंडळींना ते पटलं नाही. मला आईला त्या भिंतीशेजारी झोपवायचं होतं.

माळवद परत घातलं ते असं. तुळयांवर आडव्या लाकडी कड्या, त्यावर किलच्या म्हणजे लाकडाच्या चिपा, त्यावर कडुनिंबाचा पाला, त्यावर चिखलाचा थर, मग पांढरी माती धुमसानं ठोकून. सगळं मिळून अर्ध्या फुटाच्या आत. दीड फुटाहून जास्त होतं ते एवढं खाली आलं. सगळ्यात वर विटांचे तुकडे आणि चुना यांचा कोबा. गूळ आणि बेलफळाचं पाणी शिंपडत बायका ओळीनं बसून लाकडी थापीनं तो ठोकत होत्या, थापी उसळून परत येईपर्यंत. मी मधेच "झालं का?" विचारलं की त्यांच्यातली वयानं मोठी बाई थापी माझ्या हातात द्यायची. काही मिनिटांत मनगट भरून यायचं. वरून गोणपाट अंथरून दिवसातून अनेकदा भिजवलं, कारण आपल्या उन्हात चुना धरायच्या आधीच सुकतो आणि मग नुसती भुकटी होते. म्हणूनच चुन्याचं काम दिवाळीनंतर धरावं आणि होळीच्या आत उरकावं.

नवीन सोयी करताना एकच कसोटी लावली, पाणी मातीच्या भिंतीला शिवता कामा नये. संडास-न्हाणी परसात, वाड्यापासून सुटी बांधली. स्वयंपाकघरातलं बेसिन दगडी जोत्यावर, त्याचा पाइप उघडा, गळला तर दिसावा म्हणून. वायरिंग भिंती न फोडता पट्टीतून लाकडाच्या कडेनं नेली. माळवदातली साणी, म्हणजे उजेडाची भोकं, बुजवलेली होती, ती उघडून त्यांवर काच बसवली, आता दिवसा मधल्या खोलीत दिवा लागत नाही. पन्हाळी दुरुस्त करून त्यांचं पाणी वाळू-खडीच्या टाकीतून परसातल्या आडात सोडलं. हजार चौरस फूट माळवदावर १० मिलिमीटर पाऊस पडला की नऊशेवर लिटर पाणी होतं. टँकरच्या गावात हा हिशेब भावालासुद्धा पटला.

पैशाचं विचाराल तर मालापेक्षा मजुरीला जास्त गेले, आणि ते जवळपासच्या चार गावांतच राहिले. एकरकमी स्लॅबच्या घरापेक्षा स्वस्त पडलं असं मी म्हणणार नाही.

पहिल्या पावसाळ्यात दोन जागी गळलं, दोन्ही पन्हाळीच्या तोंडाशी. चाचांनी चुन्यात जवसाचं तेल कालवून ते बुजवलं. उत्तरेच्या भिंतीला अजून क्षार फुटतात, ते कोरड्या ब्रशनं झाडायचे, धुवायचे नाहीत. दरवर्षी मृगाच्या आधी माळवदावर चढून गवत उपटायचं, भेगा बघायच्या, पन्हाळीतला पाला काढायचा आणि वरून चुन्याची सफेदी द्यायची, म्हणजे ऊनही परतून जातं. माती मात्र चढवायची नाही. हे गावातल्या गड्याला मी लिहून दिलंय, तरी तो विचारतोच, "बाई, दोन पाट्या टाकू का?"

आई मागच्या उन्हाळ्यात महिनाभर राहिली. ढाळजेत म्हणजे दारालगतच्या ओसरीत, दाराशी खाट टाकून. आतल्या खोलीत झोपायला अजून तयार नाही आणि मी आग्रह करत नाही. बळदाचं, म्हणजे धान्य साठवायच्या जागेचं, काम राहिलंय, मागच्या सोप्याचे (पडवीचे) दोन खांब राहिलेत. चाचांनी दिवाळीनंतरचा वायदा दिलाय, म्हणजे चुना त्याआधी विरवून ठेवायला हवा. कळ्यांची गाडी कोजागिरीच्या सुमारास मागवायची असं ठरलंय.