आमची वाटचाल : लोकरी माव्यापासून टॅरँट्युलाच्या पेटीपर्यंत

२००२ साली सांगली भागात उसावर लोकरी मावा ही रस शोषणारी कीड आली. पुरुषभर उंच, दाट फडात पाठीवर पंप घेऊन शिरणार कोण? औषध पोचायचं नाही आणि पोचलं तरी मावा पुन्हा यायचा. त्याला आवर घातला तो डिफा आणि मायक्रोमस या मित्रकिडींनी, म्हणजे मावा खाणाऱ्या किडींनी. कुपवाड एमआयडीसीत मित्रकिडी वाढवून विकणाऱ्या आमच्या गाळ्याचं मूळ तिथं आहे. ‘किडे विकून कुणाचं घर चालतं का?’ हे ऐकून घेतच सुरुवात केली.

आधी ट्रायकोकार्ड, म्हणजे किडींची अंडी नष्ट करणाऱ्या इवल्या गांधीलमाश्यांचं कार्ड. मग जरबेऱ्याच्या पॉलिहाऊससाठी आणि मशरूमवाल्यांसाठी मातीत राहणारा, दुसऱ्या किडी खाणारा कोळी, स्ट्रॅटिओलिलॅप्स (हा कोळी म्हणजे माइट, जाळं विणणारा नव्हे). जुनी मंडळी त्याला हायपोअ‍ॅस्पिस म्हणतात. तपकिरी, मिलिमीटरपेक्षा लहान, चपळ. मातीच्या वरच्या थरात फिरून माशीच्या अळ्या आणि दुसरे माइट खातो. त्याचं खाद्यही आम्हालाच पिकवावं लागतं : गव्हाच्या कोंड्यावर टायरोफॅगस माइट. दोन्ही खोल्यांचे चप्पल-झाडूसुद्धा वेगळे, कारण राखणदार कोठारात शिरला की कोंडा तेवढा उरतो.

पुण्याहून टॅरँट्युला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, पाळणाऱ्या एका मुलाचा फोन आला, तेव्हा असलं काही कुणी हौसेनं घरात ठेवतं हेच आम्हाला नवीन होतं. पेटीत पांढरे माइट झाले होते. फवारावं, तर टॅरँट्युलाच मरणार. अडचण उसाचीच, फक्त फड काचेचा!

हे पांढरे माइट बहुतेक वेळा टॅरँट्युलाला खायला दिलेल्या रातकिड्यांच्या उष्ट्यावर आणि बुरशीवर जगणारे असतात. ओल जास्त झाली की बेसुमार वाढतात आणि प्राण्याच्या तोंडाभोवती जमून त्याला छळतात. म्हणून मी आधी सांगतो, उष्टं काढा, माती थोडी सुकू द्या, हवा खेळू द्या. बऱ्याच जणांचं काम तेवढ्यावर भागतं. सौ.चं म्हणणं, ‘तुम्ही आलेलं गिऱ्हाईक परत लावता.’ लावतो. उष्टं तसंच ठेवून आमचं स्ट्रॅटिओलिलॅप्सचं पाकीट पेटीत ओतणाऱ्याला महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तेच दिसतं, कारण खाद्य संपलं की आमचे कोळीही हळूहळू संपतात. पेटीत बुरशी खाणारे स्प्रिंगटेल नावाचे बारीक जीव मुद्दाम सोडले असतील, तर पाकीट घेऊच नका. हे त्यांनाही खातात.

उन्हाळा मात्र आमचा वैरी. सांगलीचा पारा चाळिशीला टेकला की कूलर आणि ओली गोणपाटं लावूनही गाळा कसाबसा थंड राहतो. पार्सल रात्रीच्या ट्रॅव्हल्सनंच जातं, मे महिन्यात तेही बंद. फ्रीजमध्ये ठेवू नका, हे पाकिटावर मोठ्या अक्षरात छापलंय, तरी लोक ठेवतात.

पोट आजही ट्रायकोकार्ड आणि मशरूमवरच चालतं. छंदवाल्यांची पाकिटं लहान, पण त्यांनी मोबाइलवर काढलेले फोटो आमच्या सूक्ष्मदर्शकाला लाजवतात. आता फोटो पाहिल्याशिवाय आम्ही माल पाठवत नाही. माइट मातीत फिरताना दिसले तर पाकीट जातं. प्राण्याच्या अंगाला एका जागी चिकटून बसलेले दिसले, तर नाही. ते काम मातीतल्या कोळ्याचं नव्हे.