तुम्ही विचारलंत म्हणून: गावाने तग धरला, हे मोजायचं कसं?

खेड्यांतल्या शेतीप्रकल्पांचं मूल्यमापन करणं हे माझं पुण्यातलं काम. त्यामुळे कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या निधीच्या) बैठकीत, कृषी महाविद्यालयातल्या मुलांकडून, अगदी लग्नकार्यात भेटलेल्या नातेवाइकांकडूनही एक प्रश्न हमखास येतो: "हवामान एवढं बदलतंय. तुमच्या प्रकल्पामुळे गाव त्यापुढे टिकेल, हे तुम्ही आकड्यांत सांगता कसं?" प्रश्न रास्त आहे. पैसे लोकांचे असतात आणि भोगायचंही लोकांनाच असतं. म्हणून जरा सविस्तर सांगते.

चांगल्या पावसाच्या वर्षी तग मोजता येत नाही. तेव्हा फक्त तयारी मोजता येते: किती बंधारे झाले, किती एकरांवर ठिबक आलं, किती जणांनी विमा उतरवला. ती तयारी उपयोगी पडली का, हे पावसाने दडी मारल्यावर किंवा काढणीला आलेल्या पिकावर गारा पडल्यावरच कळतं. खरं तर त्यानंतरही दोन-तीन हंगाम थांबावं लागतं, तेव्हा कुठे घर पुन्हा पहिल्या जागी आलं की घसरलेलंच राहिलं ते दिसतं.

या क्षेत्रातल्या तज्ज्ञांनी 2014 साली यासाठी एक व्याख्या मांडली. धक्के आणि ताण यांचे दुष्परिणाम दीर्घकाळ टिकू न देणारी क्षमता, असा तिचा आशय आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेची 'रिमा' नावाची पद्धतही आहे. मूलभूत सेवा, घरची मालमत्ता, सामाजिक आधार आणि बदलाशी जुळवून घेण्याची ताकद अशा चार खांबांवरून ती कुटुंबाचा एक निर्देशांक काढते. दोन भागांची तुलना करायला तो चांगला. पण खांब उभे आहेत म्हणजे छप्पर वादळात टिकेलच असं नाही, आणि मला त्या वादळातलं घर बघायचं असतं.

त्यासाठी मी उत्पन्नाच्या आधी विक्रीबद्दल विचारते. दुष्काळात काय काय विकलं, आणि कोणत्या क्रमाने? पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्याच्या कोरडवाहू भागात हा क्रम बायकांना तोंडपाठ असतो. आधी शेळ्या-कोंबड्या जातात. मग हातउसने पैसे, किराणा दुकानाची उधारी. मग सोन्याचा डाग गहाण पडतो. सोसायटीचं कर्ज नवं-जुनं होतं, म्हणजे नवं काढून जुनं फेडलेलं दाखवतात. मग दुभत्या गाईला बाजार दाखवावा लागतो. जमीन सगळ्यात शेवटी. पाऊस सारखाच कमी झालेला असताना एक घर शेळ्यांपाशी थांबतं आणि शेजारचं गाईपर्यंत पोचतं. त्या वर्षीचं ज्वारीचं उत्पन्न दोघांचं सारखंच निघेल. पण शेळ्या विकलेलं घर पुढच्या पावसाळ्यात सावरतं. गाय विकलेल्या घराचा रोजचा दुधाचा पैसा बंद होतो, शेणखत थांबतं, नवी गाय घ्यायला पुन्हा कर्ज काढावं लागतं. नुसतं पीक मोजणाऱ्याला हा फरक कधीच दिसणार नाही.

ऊसतोडीसाठी मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या कंत्राटदाराकडून, आगाऊ घेतलेल्या पैशाचं, उचलीचंही तसंच. कोणी आधीपासून दरवर्षी तोडीला जातं, ती त्यांची ठरलेली रोजी आहे. पण दुष्काळानंतर पहिल्यांदाच मुकादमाकडून उचल घेतली, आणि पोरांना शाळेतून काढून सोबत नेलं, तर त्या घराला बसलेला धक्का दुसऱ्या पिढीपर्यंत गेला. असे प्रश्न पुरुषांना आणि बायकांना वेगवेगळं बसवून विचारावे लागतात. घरात कोण शेवटी जेवलं आणि कोणाचं जेवण कमी झालं, हे सासरे समोर असताना कोणी सांगत नाही.

आता मोजण्यातल्या फसगतीबद्दल. 2018 साली राज्यात 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला होता. त्यानंतर 2019 पासून 2022 पर्यंत राज्यात पाऊसमान एकंदरीत चांगलं राहिलं. एखाद्या प्रकल्पाचं सुरुवातीचं सर्वेक्षण 2018 चं आणि शेवटचं 2021 चं असेल, तर काहीही न करता विहिरींना पाणी वाढलेलं दिसेल, रब्बीचं क्षेत्र वाढलेलं दिसेल. अहवाल छान होईल, पण ते श्रेय पावसाचं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये. ती माहिती त्या वर्षीच्या पावसाशी आणि प्रकल्प नसलेल्या शेजारच्या गावांशी लावून वाचल्याशिवाय निष्कर्ष काढू नये, यावर मी हटून बसते. बैठकीत त्यामुळे थोडी नाराजी होते, ती होऊ द्यावी.

2023 ने मात्र खरी परीक्षा घेतली. देशातला 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट त्या वर्षी होता. राज्याने सुरुवातीला 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात पुरंदर आणि बारामतीही होते. प्रकल्प संपलेल्या गावांत पुन्हा जाऊन बघायची वेळ ती होती. पण बहुतेक ठिकाणी मोजणीचा पैसा प्रकल्पासोबतच संपलेला असतो.

कोणाला मोजतो यावरही उत्तर बदलतं. आपल्याकडे पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे या संख्याशास्त्रज्ञांनी पीक कापणी प्रयोगांचं, म्हणजे शेतातला एक तुकडा कापून त्यावरून उत्पादनाचा अंदाज काढण्याचं, शास्त्र बसवलं. कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर हद्दीवरची रोपं आत धरली जातात आणि उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त निघतं, हे सुखात्म्यांनी दाखवून दिलं होतं. गावपाहणीत तीच चूक वेगळ्या रूपाने होते. गाडी जाते त्या रस्त्याकडेची घरं, सरपंचांनी बोलावलेली माणसं, बचत गटाच्या अध्यक्षा यांनाच प्रश्न विचारले, तर गाव आहे त्यापेक्षा भक्कम निघतं. वाडीवस्तीवरची, भूमिहीन, दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणारी घरं यादीत आली की सरासरी खाली येते. खरी सरासरी तीच असते.

काही गोष्टी तयारी म्हणून मोजल्या जातात, पण त्यांनीच धोका वाढतो. प्लास्टिकचं अस्तर घातलेलं शेततळं घ्या. ते पावसाच्या पाण्याने भरलं तर उत्तम. पण बऱ्याच ठिकाणी ते विहिरीतून आणि बोअरमधून उपसून भरतात. म्हणजे जमिनीखालचं सगळ्यांचं पाणी वर येऊन एकाचं होतं आणि त्यातलं काही उन्हात उडून जातं. कागदावर शेततळ्यांची संख्या वाढते, शेजारची विहीर मात्र जानेवारीतच तळ गाठते. फळबागेचंही असंच दुहेरी आहे. पुरंदरच्या अंजिराने आणि सीताफळाने चांगल्या वर्षांत घरं वर आणली, हे मी पाहिलं आहे. पण बाजरी जळाली तर एक हंगाम जातो, बाग जळाली तर कित्येक वर्षांची मेहनत जाते. म्हणून बाग असलेल्या घरी मी विचारते की पाणी अर्ध्यावर आलं तर आधी काय सोडाल. ज्याच्याकडे उत्तर तयार असतं, त्याला मी जास्त गुण देते.

आणि याहून मोलाची बाब एकट्या घराची नसते. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदरमधल्या नायगावात काम उभं केलं, त्यातून पाणी पंचायत आली. पाणी जमिनीच्या हिशेबाने न देता माणसाच्या हिशेबाने द्यायचं: माणशी अर्धा एकर, भूमिहीनालाही हक्क, उसाला पाणी नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावर पिकं ठरवतात. असा नियम वाईट वर्षात पाळला गेला का, हे मला कुठल्याही निर्देशांकापेक्षा जास्त सांगून जातं. आणि ते मोजता येतं. पाऊस कमी झाला त्या वर्षी ग्रामसभेत काय ठरलं, रब्बीचं क्षेत्र खरंच कमी झालं का, आणि ज्यांनी कमी केलं त्यांत मोठे बागायतदार होते की फक्त अल्पभूधारक? सातबाऱ्यावरच्या पीकपाहणीच्या नोंदी आणि उपग्रहाची चित्रं शेजारी ठेवली की उत्तर मिळतं.

पद्धतीबद्दलही एक सांगते. तीन वर्षांतून एकदा दोन-दोन तासांची प्रश्नावली घेऊन जाण्यापेक्षा, धक्का बसल्यावर दर महिन्याला फोन करून मोजके प्रश्न विचारलेले बरे. काय विकलं, कोणाकडून घेतलं, किती फेडलं, जेवण कमी झालं का, घरातलं कोणी बाहेरगावी कामाला गेलं का. वर्षभराने विचारलं तर माणसं वाईट महिने विसरतात, किंवा सांगायचं टाळतात.

तरीही "एकच आकडा सांगा" असा आग्रह धरलात, तर मी हा देईन: दुष्काळात जनावर विकलेल्या घरांपैकी किती घरांच्या दावणीला दोन वर्षांत पुन्हा जनावर आलं, आणि तेही नवं कर्ज न काढता. तो आकडा भूमिहीन, अल्पभूधारक आणि बागायतदार यांचा वेगवेगळा मांडायचा. तुम्ही पैसे देणाऱ्या बाजूला असाल, तर पुढच्या प्रकल्पाच्या करारात काम संपल्यानंतरच्या तीन वर्षांच्या मोजणीची तरतूद आधीच लिहून घ्या. मसुदा करायला मी येईन.